गळती नाही

"कानवाले, जरा वाकून बघा इकडे," मुकादम खड्ड्यातून म्हणाला. तो कमरेइतका खाली उतरला होता. त्याने मूठभर माती उचलून वर धरली आणि बोटांच्या फटींतून सोडून दिली. माती पिठासारखी भुरभुरत खाली गेली. "यात पाण्याचा थेंब सापडला तर माझं नाव बदला."

कडेला कुदळी टेकवून उभ्या असलेल्या दोघा खोदणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. ते हसले नाहीत. हसले असते तर बरे वाटले असते. पंधरा दिवसांतला हा तिसरा कोरडा खड्डा होता.

"बुजवून टाका," कानवाले म्हणाले आणि आपली कांब उचलून पुढे चालू लागले.

पाणीखात्यात ते अठ्ठावीस वर्षे जमिनीखालची गळती शोधत होते. त्यांचे खरे नाव आता फक्त पगारपत्रकात उरले होते. बाकी साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना कानवाले म्हणत. हत्यार एकच. पुरुषभर उंचीची लोखंडी कांब, वरच्या टोकाला कानावर बसेल अशी लाकडी वाटी. पहाटे वाहने सुरू व्हायच्या आत रस्त्यावर यायचे, कांबेचे टोक पाइपावर, नाहीतर पाइपावरच्या फरशीवर टेकवायचे आणि वाटीला कान लावायचा. पाइप धड असेल तर काही ऐकू येत नाही. कुठे केसाएवढी जरी चीर गेली असेल, तरी दाबाने बाहेर पडणारे पाणी बारीक, सरळ आवाज करते. शीऽऽ असा, न थांबणारा. तो जिथे सर्वांत मोठा, तिथे खडूने फुली मारायची. कानवाल्यांच्या फुलीवर कुदळ पडली आणि पाणी लागले नाही, असे वर्षातून एखादेवेळी व्हायचे. नव्या अभियंत्यांना साहेब मुद्दाम त्यांच्याबरोबर पाठवायचे. "मशीन नंतर बघा, आधी हा माणूस बघा," म्हणायचे.

चार महिन्यांपूर्वी पंपघरातला एक माणूस आजारी पडला, म्हणून कानवाल्यांना पंधरा दिवस तिथे बसवले होते. चार अजस्र पंप, पत्र्याचे छप्पर, आणि कानात घालायला म्हणून दिलेला कापूस. पंधरा दिवस संपले, ते घरी आले, हातपाय धुऊन खुर्चीत बसले आणि बायकोला म्हणाले, "नळ चालू राहिलाय बघ कुठंतरी."

तिने दोन्ही नळ बघितले. बंद होते. थोड्या वेळाने त्यांनी स्वतः उठून बघितले. मग शेजाऱ्यांचे दार वाजवले. शेजारी मोरीत जाऊन आला आणि म्हणाला, "काका, आमच्याकडं दुपारपासून पाणीच नाही."

तेव्हापासून तो आवाज होता. बारीक, सरळ, न थांबणारा.

पहिला महिना त्यांनी कोणालाच काही सांगितले नाही. दुसऱ्या महिन्यात बायकोने धरून कानाच्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टरांनी त्यांना कपाटाएवढ्या एका बंद खोलीत बसवले, कानांवर यंत्र चढवले आणि हातात बटण दिले. आवाज आला की दाबायचे. त्या खोलीत बाहेरचे काहीच ऐकू येत नव्हते, आणि कानातली शीऽऽ अशी उसळली की कानवाल्यांना भोवळ आल्यासारखे झाले. त्यांनी बटण दाबले. पुन्हा दाबले. मग कळेचना कधी दाबायचे ते. काचेपलीकडची मुलगी खुणेने सांगत होती, अजून सुरूच केलेलं नाही.

"हा आवाज बाहेरून येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आतल्या नसा दुखावल्यात. तुमचं डोकंच तो तयार करतंय."

"मग बंद कधी होईल?"

"काहींचा कमी होतो. बऱ्याच जणांचा राहतो, पण सवय होते. एकदम शांत जागी बसू नका. पंखा चालू ठेवा, रेडिओ बारीक लावून ठेवा. मुख्य म्हणजे त्याच्याकडं लक्ष देऊ नका. काम काय करता?"

कानवाल्यांनी बायकोकडे पाहिले नाही. "कारकून आहे," ते म्हणाले.

घरी पंखा सुरू झाला तो थंडीतही. बायको दोन पांघरुणे घेऊन झोपू लागली. रेडिओ दिवसभर गुणगुणत राहिला. मुलगी मुळात हळू बोलणारी, कॉलेजातून आल्यावर बापाजवळ बसून दिवसभरातले सांगायची तिला सवय. आता एका वाक्याला तीनदा "काय?" यायचे. तिसऱ्यांदा ती हसून म्हणायची, "जाऊ दे बाबा." बाकीचे वाक्य निसटले तरी ते 'जाऊ दे' मात्र त्यांना दर वेळी स्पष्ट ऐकू यायचे. एकदा तिच्या हातून पातेल्यावरचे झाकण पडले आणि कानवाले असे ओरडले, की ती भिंतीला चिकटून उभी राहिली. जन्मात त्यांनी तिच्यावर आवाज चढवला नव्हता.

त्या संध्याकाळी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, सांगून टाका साहेबांना."

"काय सांगू?"

"की आता होत नाही म्हणून. दुसरं काम देतील."

"अठ्ठावीस वर्षं लोक मला कान म्हणून ओळखतात. आता जाऊन सांगू, की तेवढा एक सोडून बाकी सगळं शाबूत आहे?"

"माणसाचे गुडघे जातात, डोळे जातात. त्यात लाजायचं काय?"

"डोळे गेलेले दिसतात तरी. हे कुणाला दाखवू?"

तिने भाजीचे देठ गोळा केले. "मला दाखवलंत ना," ती म्हणाली. पण तेव्हा पंख्याच्या आवाजात त्यांना ते ऐकू आले नाही.

त्यांनी आपल्यापुरती एक युक्ती काढली होती. आधी कांब उचलून नुसते उभे राहायचे आणि आतला आवाज मोजून घ्यायचा. मग कांब टेकवायची. आवाज तेवढाच राहिला तर तो आपला, वाढला तर पाण्याचा. सांगायला सोपे होते. पण आतला आवाज रोज सारखा नसे. झोप झाली नाही की वाढे, मुकादम शेजारी उभा राहून वाट बघू लागला की वाढे. तीन कोरडे खड्डे त्यातूनच झाले होते. तिसऱ्यानंतर साहेबांनी बोलावून घेतले. दार लावून, चहा मागवून ते म्हणाले, "कानवाले, माणूस आहे, चुकतो. पण लोक रस्ता उकरल्याचे फोटो काढून पाठवायला लागलेत. आता खात्री असल्याशिवाय फुली मारू नका."

त्यानंतर चारच दिवसांनी एका म्हाताऱ्या बाइंडरची तक्रार आली.

उतारावरच्या एका बोळात, तळमजल्यावर, म्हाताऱ्याचे पुस्तकबांधणीचे दुकान होते. पुढे दुकान, मागे राहायची खोली. मधल्या भिंतीला लागून लोखंडी दाबयंत्र आणि छतापर्यंत रचलेली पुस्तके. सरसाचा वास दारापासूनच येत होता.

"महिना झाला," बाइंडर म्हणाला. "खालच्या थरातले कागद दोनदा बदलले. माणसाला ओल नंतर कळते, कागदाला आधी. हे बघा." त्याने एक कोरा ताव उचलून दाखवला. कडा मुडपून वर आल्या होत्या. "आणि इथं फरशीवर तळवा ठेवला ना, की थरथरल्यासारखं होतं. मुलगी म्हणते, तुमचेच हात थरथरतात. असेलही."

कानवाल्यांनी कांब आधी बाहेरच्या पाण्याच्या चावीवर टेकवली, मग दुकानातल्या फरशीवर, मग भिंतीच्या पायथ्याशी. शीऽऽ. कांब उचलली. शीऽऽ. पुन्हा टेकवली. भिंतीजवळ क्षणभर त्यांना वाटले, त्या बारीक आवाजाखाली दुसरा एक जाड, घोगरा आवाज आहे. त्यांनी श्वास रोखला. आता नुसती रक्ताची धडधड ऐकू येऊ लागली. आदल्या रात्री जेमतेम दोन तास झोप झाली होती. दारात मुकादम खडू हातात धरून उभा होता.

"मारू का फुली?" त्याने विचारले. त्याच्या स्वरात काहीच नव्हते, कुचेष्टा नाही की घाई नाही. पण कानवाल्यांना त्या खडूकडे बघवेना.

"नको," ते म्हणाले.

बाइंडरला त्यांनी सांगितले, जमिनीची ओल आहे, जुन्या घरांना असतेच, खाली फळ्या टाका आणि पुस्तकं वर घ्या. म्हातारा मोकळा झाला. "तुम्ही कान लावून बघितलंत म्हणजे झालं," तो म्हणाला. "आता निवांत काम करतो." आणि त्याने सही करायला आपले पेन पुढे केले. कानवाल्यांनी फॉर्मवर लिहिले, 'तपासणी केली. गळती नाही.'

बाराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भिंत बसली. कोसळली नाही, बसली, असेच बघणारे सांगत होते. आधी पायथा खाली गेला, मग भिंत, मग तिला टेकून रचलेली पुस्तके आणि दाबयंत्र. बाइंडर यंत्रासमोर बसला होता. त्याला बाहेर काढायला पाऊण तास लागला आणि दवाखान्यात पोहोचायच्या आत तो गेला.

कानवाले तिथे पोहोचले तेव्हा पाणी बंद केले होते. मुकादम खड्ड्यात उतरला होता. पाइपाला बोटभर लांब चीर होती, आणि तिच्यासमोर मातीत माणूस बसेल एवढी पोकळी. मुकादमाने वर पाहिले, पण या वेळी माती उचलून दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुन्हा दार लावले. "तुमचा रिपोर्ट मी वाचला. त्या तारखेला गळती नव्हती. चीर नंतर पडली. जुना पाइप, जुनी भिंत. यात तुमच्यावर काही येत नाही."

"बारा दिवसांत एवढी माती वाहून जात नाही, साहेब."

"ते ठरवणारे ठरवतील."

"तुम्हालाही ठाऊक आहे, नाही जात." कानवाले उभेच होते. "मला तिथं ऐकू आलं होतं. तो आवाज माझा की पाण्याचा, हे मला कळलं नाही. चार महिने मला हे कळत नाहीये आणि मी कुणाला सांगितलं नाही."

साहेबांनी टेबलावरचा रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. "हे तुम्ही मला सांगितलंत, मी ऐकलं. लिहून द्या असं मी म्हणत नाही. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुमची."

"मीच म्हणतोय," कानवाले म्हणाले. "कागद द्या."

त्यांनी सहा ओळी लिहिल्या. कांब भांडारात जमा केली. चौकशी लागली आणि ती संपेपर्यंत त्यांना कामावरून बाजूला ठेवले गेले. घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळे सांगितले. मी म्हटलं होतं, असे ती म्हणाली नाही. उठून तिने पंखा लावला आणि त्यांच्या शेजारी बसून राहिली.

रविवारी ते त्या बोळात गेले. पडलेल्या भिंतीला ताडपत्री बांधली होती. बाइंडरची मुलगी, चाळिशीची बाई, ढिगाऱ्यातून निघालेली पुस्तके ओट्यावर मांडत होती. भिजून फुगलेली, पाने एकमेकांना चिकटलेली.

"खात्यातून आलात?" तिने विचारले.

"तपासायला आलो होतो तो मीच," कानवाले म्हणाले. मग त्यांनी साहेबांना सांगितले तेच तिला सांगितले, एकही शब्द कमी न करता. सांगताना आवाज फार चढला असावा, कारण समोरच्या खिडकीत दोन माणसे आली.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "त्या दिवशी संध्याकाळी मी आले होते. म्हटलं, चार दिवस माझ्याकडं चला, ही ओल बरी नाही. तर मला म्हणाले, खात्याचा माणूस येऊन गेला, फार बारकाईनं ऐकलं त्यानं, आता काळजी नाही."

कानवाल्यांना त्यातला प्रत्येक शब्द ऐकू आला.

तिने त्यांना जा म्हटले नाही, की बसा म्हटले नाही. ती पुन्हा पुस्तकांकडे वळली. थोडा वेळ उभे राहून कानवाल्यांनी चपला काढल्या, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि एक जाडजूड शब्दकोश मांडीवर घेतला. नखाने एकेक पान सोडवायचे, ते फाटू न देता उलटायचे, मध्ये कोऱ्या कागदाचा तुकडा घालायचा. तिचे बघून त्यांना ते जमू लागले. ती मध्येच काहीतरी म्हणाली. त्यांनी मान वर केली, पण "काय?" असे विचारायचा त्यांना धीर झाला नाही. ती पुन्हा म्हणाली नाही. नुसती उठली आणि कागदाच्या तुकड्यांचा गठ्ठा त्यांच्या बाजूला सरकवून ठेवला.

दुपारी बोळात एक माणूस आला. त्याला इथले काही ठाऊक नसावे. ताडपत्रीकडे बघत, जरा गोंधळून तो कानवाल्यांसमोर येऊन थांबला. त्याचे ओठ हलले. कानवाल्यांनी पान बोटाने धरून ठेवले आणि पुढे झुकले.

"जरा मोठ्यानं बोला," ते म्हणाले. "मला कमी ऐकू येतं."

"म्हटलं, बाइंडर तुम्हीच का? माझं पुस्तक दिलं होतं बांधायला."

"नाही," कानवाले म्हणाले. "बाइंडर वारले. या त्यांच्या कन्या. पुस्तक कोणतं ते सांगा, ओलं आहे, पण मिळेल."