देवकाबाईची दुलई

नात झाली आणि देवकाबाईला आभाळ ठेंगणं झालं. यंदाच्या पहिल्या वेचणीतला पांढराशुभ्र कापूस तिने बाजूला काढला आणि नातीसाठी जाडजूड दुलई भरून घेतली. जैनथकडची पहाटेची थंडी साधीसुधी नसते, हे खरं. पण देवकाबाईची पहाट भर दुपारीसुद्धा संपत नसे. झबलं, त्यावर स्वेटर, टोपडं, पायमोजे आणि वरून दुलई. त्या गाठोड्यातून नातीचं फक्त नाक दिसायचं, आणि आजी त्या नाकाचंही कौतुक करत बसायची.

बारशाच्या आदल्या दिवशी पोर सकाळपासून रडत होती. सून भाग्यलक्ष्मी दुपारी तिचं झबलं बदलायला बसली, तर मानेवर, पाठीवर बारीक लाल पुरळ. देवकाबाई कपाळावर हात मारून ओरडली,

"माय व! माता आली!"

माता म्हणजे गोवर, आणि तो घरात शिरला की पाहुणा नाही, फोडणी नाही. देवकाबाईने चुलीवरची कढई उतरवली, दाराला कडुलिंबाचा पाला बांधला आणि मुलाला, पंढरीला, फोन करायला बसवलं. उद्याचं बारसं रद्द! शेजारची जयवंताबाई पाळण्याची फुलं घेऊन आली होती, ती पाला पाहून उंबऱ्यावरूनच हात जोडून परत गेली. देवकाबाईला रडू कोसळलं. बारसं काय, पुढेही होईल. पोरीला काही झालं तर?

"आत्याबाई, मी हिला दवाखान्यात नेऊन राह्यली," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"मातेत कुठी दवाखान्यात नेतेत का?"

"मंग तुमी घरीच थांबा."

देवकाबाई थोडीच थांबते! नातीला दुलईत आणखी घट्ट गुंडाळून तीच आधी ऑटोत जाऊन बसली.

डॉक्टर मीनलने ताप पाहिला, डोळे पाहिले, तोंड पाहिलं. मग दुलई काढली. स्वेटर काढला, टोपडं काढलं, मोजे काढले. टेबलावर कपड्यांचा ढीग झाला आणि आतून घामाने चिंब झालेली पोर निघाली. अंगाला वारा लागला तशी ती रडायची थांबली. तिने पाय झाडले, हुंकार दिला आणि आजीच्या नव्याकोऱ्या दुलईवर खुशाल धार सोडली.

"गोवर नाही आजी, घामोळ्या आहेत," डॉक्टर हसत म्हणाल्या. "ताप नाही, दूध छान पिते. सैल सुती कपडे घाला, अंग कोरडं ठेवा. ताप आला किंवा दूध सोडलं तर लगेच घेऊन या. आणि ही दुलई आता तुम्हीच पांघरा."

"म्हंजे हे मीच केलं व्हय?"

भाग्यलक्ष्मीने पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. देवकाबाई आधी तिच्यावर डोळे वटारून बघत राहिली, मग स्वतःच इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं.

घरी आल्यावर पंढरी पुन्हा फोनला बसला. देवकाबाईने दाराचा पाला सोडला, आणि हातपाय धुऊन थेट चुलीपाशी गेली. कढईत सढळ हाताने तेल ओतलं, मोहरी-जिरं टाकलं, वरून लाल मिरच्या. चर्रर्र! खमंग ठसका भिंतीपलीकडे गेला.

"देवकाबाई, फोडणी टाकली का व?" पलीकडून जयवंताबाई खोकत ओरडली. "माता गेली का?"

"आलीच नव्हती!" देवकाबाईने आणखी चार मिरच्या सोडल्या. "सकाळी फुलं घेऊन ये, बारसं हाय!"