जिन्याच्या वळणावर अडकलेला सोफा

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. शेवटी लांबूने आईला सगळं सांगितलं, काकांची नोकरी राहिली आणि कोणीही मेलं नाही. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते बोललो नाही. कसला लांबू, कुठले काका? आपण लाकडापासून सुरुवात करू.

मला एका सुताराने बनवलं. सांगाडा पुरा झाल्यावर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हा काही मोडायचा नाही." माझ्याबद्दल इतकं चांगलं पुन्हा कोणी बोललं नाही. मग गादी आली, कापड आलं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका बैठकीच्या खोलीत मी दाखल झालो. मालकीणबाईंनी माझ्यावर प्लास्टिक चढवलं. ते पाहुणे आल्यावर काढायचं ठरलं होतं. पाहुणे आले, गेले, काही तर वारलेही. प्लास्टिक होतं तिथेच राहिलं.

मग घरात नवा सोफा आला. मला गच्चीवर ठेवायचं ठरलं. मालकांनी टेप घेऊन माझी लांबी मोजली, गच्चीचं दार मोजलं, आणि समाधानाने टेप खिशात टाकली. जिन्याचं शेवटचं वळण मोजायचं असतं हे त्यांच्या मनातच आलं नाही. "तिरका घ्या!" "अहो, माझं बोट!" "बोट नंतर बघू!" असा बराच गलका झाला आणि मी अडकलो. वरही जाईना, खालीही येईना. एक हात भिंतीत रुतलेला, एक पाय कठड्यावर. मालक घाम पुसत म्हणाले, "असू दे, उद्या बघू." ते उद्या अजून चालू आहे.

आता गच्चीवर जायचं तर मला ओलांडून जावं लागे. त्यामुळे मोठ्या माणसांनी गच्ची सोडून दिली. आणि एका संध्याकाळी ती तिघं आली.

लांबू उंच होता, म्हणून लांबू. टोपी नावाची मुलगी डोक्यावरची टोपी कधीच काढत नसे. तिसऱ्याचं नाव माझ्यामुळे पडलं. मी एका बाजूला कललेला. वरच्या टोकाला लांबू बसे, मध्ये टोपी, खालच्या टोकाला तो. दोन मिनिटांत दोघंही घसरत त्याच्या अंगावर येत. तो एकदाही "सरका" म्हणाला नाही. त्याला उशी म्हणू लागले.

मित्रांनो, मी पुष्कळ माणसं बसवली आहेत, पण अशी नाहीत. टोपीचे आईबाबा एकाच घरात राहून एकमेकांशी बोलत नसत. "बाबांना सांग, दूध संपलंय." "आईला सांग, मला दिसतंय." तिघंही एकाच टेबलाशी, आणि टोपी मध्ये टपालखातं. उशीच्या घरी वडिलांचा आवाज फार. "बाबांचा आवाज वर चढला की मीही वर चढतो," असं तो म्हणायचा आणि बूट न घालताच यायचा. कधीकधी गालावर वळ असे. तेव्हा टोपी काही न विचारता डोक्यावरची टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवी, पुढचा भाग गालावर येईल अशी.

टोपीला लांबू आवडायचा. उशीला टोपी आवडायची. एकदा लांबूला यायला उशीर झाला, तेव्हा उशीने घसा साफ करून "मला तू" एवढं म्हटलं, आणि तेवढ्यात लांबू येऊन वरून धपकन घसरला. ते वाक्य तिथेच माझ्या फटीत पडलं. एक कंगवा, दोन नाणी आणि ते वाक्य, असा माझा साठा आहे.

आणि एक बाटली.

लांबूची आई तळमजल्यावर औषधांचं दुकान चालवायची. वडील दुसरीकडे दुसरा संसार थाटून बसलेले. दुकानात ती आणि कामाला एक काका. याच काकांनी लांबूला सायकल शिकवली होती. खोकल्याचं एक गुंगी आणणारं औषध कुलपाच्या कपाटात असे. परीक्षेच्या दिवसांत झोप येईना म्हणून लांबूने एक बाटली उचलली. मग परीक्षा संपली, बाटल्या संपेनात. माझ्या मधल्या गादीखालचं कापड फाटलं होतं. तिथे तो त्या लपवायचा, आणि माझ्याकडे तक्रार करायला तोंड नव्हतं.

एक दिवस टोपी जोरात बसली आणि बाटली तिला टोचली. मग जे भांडण झालं त्याने माझ्या स्प्रिंगा हलल्या.

"हे काय आहे?"

"खोकला झालाय."

"गेले चार महिने पेंगतोयस तो खोकल्याने? क्षयरोग आहे का तुला, गाढवा?"

"टोपी, हळू," उशी म्हणाला. मग लांबूकडे वळून, "खरं बोल ना यार."

लांबू खरं बोलला. शेवटी ठरलं, ही शेवटची बाटली. ती माझ्याजवळच राहील. रोज एक झाकण, तेही दोघांसमोर. संपली की संपलं.

आता पुढचं लक्ष देऊन ऐका, कारण इतका हुशार मूर्खपणा माझ्या पाहण्यात नाही. दुपारी टोपी एकटी आली. तिने बाटलीतलं थोडं औषध गच्चीवरच्या मोरीत ओतलं आणि तेवढंच नळाचं पाणी भरलं. तास गेला नाही तोच उशी आला आणि त्यानेही अगदी तेच केलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी लांबू आला. बराच वेळ बाटली हातात धरून बसला. मग उठला आणि त्यानेही ओतून पाणी भरलं. याआधी दोनदा सोडतो म्हणून सुटलं नव्हतं. तिसऱ्यांदा फुशारकी मारून पुन्हा तोंडघशी पडायची त्याला लाज वाटत होती. म्हणून गपचूप.

हे रोज चाललं. बाटलीचा रंग गेला, वास गेला, गोडी गेली. संध्याकाळी मात्र पूर्ण इतमामाने झाकण भरलं जाई. लांबू ते पिऊन डोळे जड करी. टोपी कडक नजरेने बघे. उशी "सावकाश रे" म्हणे. बाटली कधी संपतच नव्हती, आणि याचं तिघांपैकी एकालाही नवल वाटलं नाही.

पण हे नुसतं हसण्यावारी नेऊ नका. त्या दिवसांत लांबू माझ्यावर घामाने भिजून पडे, दात वाजत, पोटात कळा येत, तो चिडून वाटेल ते बोले. टोपीला म्हणाला, "तुझ्या घरी कोणी ऐकत नाही म्हणून माझ्यावर हुकूम सोडतेस." ती उठून गेली. दोन पायऱ्या उतरली, तिथेच भिंतीकडे तोंड करून बसली, आणि मग परत आली. उशी खालच्या टोकाला, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. पाय बधिर झाले तरी हलला नाही. मी लाकडाचा आहे, मला हलता येत नाही. त्याला येत होतं.

मग एका शुक्रवारी लांबू आला तो पांढराफटक.

"आईला कपाटातल्या बाटल्या कमी झालेल्या कळल्यात. तिला वाटतंय काकांनी घेतल्या. उद्या त्यांना कामावरून काढणार आहे."

"मग सांग तिला," टोपी म्हणाली.

"सांगितलं की म्हणेल, आधी बाप गेला, आता हा. आणि मी सोडतोय हे ती कशाला मानेल? ही बाटली अजून इथेच आहे ना!"

टोपी उठली. बाटली काढली, झाकण उडवलं. "ठीक आहे. तू नको सांगूस. मी ही सगळी पिते. मग होऊ दे काय व्हायचं ते!" आणि घटाघटा प्यायली.

लांबू बघत राहिला. उशी बघत राहिला. कोणी जागचं हललं नाही.

टोपीने रिकामी बाटली खाली केली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे, मी मेले असते! एकानेही हात धरला नाही?"

"पाणीच तर आहे," दोघं एकदम म्हणाले.

मग लांबू उशीला म्हणाला, "तुला कसं माहीत?" उशी लांबूला म्हणाला, "तुला कसं माहीत?" आणि मग दोघं टोपीकडे वळले, कारण तीही फारशी घाबरलेली दिसत नव्हती.

ती तिघं इतकी हसली की माझा कठड्यावरचा पाय बोटभर सरकला. हसता हसता लांबू रडायला लागला. "म्हणजे मला वाटलं त्याच्या कितीतरी आधीपासून मी... नुसतं पाणी?"

"नुसतं पाणी," उशी म्हणाला. "जा आता खाली. आम्ही मागे आहोत."

खाली काय झालं ते मला दिसलं नाही. पण थोड्या वेळाने लांबूची आई जिना चढून वर आली, दुकानातला पांढरा कोट तसाच अंगात, मागे काका. ती तिघं आधीच वर आली होती; उशी आपल्या खालच्या टोकाला बसला होता. तिने मला पाहिलं, तो फाटका खड्डा पाहिला, आणि मटकन बसली. बसली ती घसरत सरळ उशीवर गेली. उशीने सवयीने सांभाळलं. तिने उठायचा प्रयत्नही केला नाही.

"आता काकांकडे बघ," ती लांबूला म्हणाली. "मला सांगितलंस तेच त्यांना सांग."

लांबूने सांगितलं. काका कठडा धरून ऐकत होते.

"दोन दिवस बाई मला चोर समजत होत्या," काका म्हणाले. "कळतंय का तुला? तू माझ्याशी बोलू नकोस."

"हो."

"आणि हे असं आपल्या मनाने सोडायचं नसतं, जिवावर बेततं. उद्या डॉक्टरकडे जाताना मला हाक मार. मी येतो."

"पण बोलू नको म्हणालात ना?"

"हाक मार. मी मागून चालेन."

टोपीने मान फिरवली. लांबूची आई मात्र माझ्या हातावर हात ठेवून बसून राहिली होती. त्या हातावरचं कापडही कधीच फाटलं आहे.

मित्रांनो, सुतार म्हणाला होता, हा मोडायचा नाही. ते त्याने माझ्याबद्दल म्हटलं होतं. मला आता वाटतं, ते वाक्य त्याने जरा राखून ठेवायला हवं होतं, त्याचे खरे मानकरी, ही तिघं, अजून यायची होती. म्हणून खालील विनंती सादर करतो.

प्रति, माननीय सचिव, गृहनिर्माण संस्था. विषय: जिन्याचे वळण. महोदय, सदर वळणाची भिंत वीतभर मागे घेऊन अर्जदारास गच्चीवर जाऊ द्यावे. ते शक्य नसल्यास गच्ची एक मजला खाली आणावी. तेही शक्य नसल्यास, वर बसलेल्या कोणत्याही मुलास "इथे काय चाललंय?" असे विचारण्यापूर्वी, विचारणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने प्रथम अर्जदारावर, खालच्या टोकाला, इतर दोघांचे वजन अंगावर घेऊन, "सरका" न म्हणता बसून दाखवावे. कळावे, पोच द्यावी. आपला विश्वासू, सोफा.