टाकी भरेपर्यंत

मित्रांनो, पंपघराच्या भिंतीवर, स्विचबोर्डाच्या शेजारी एक राखाडी डबा दिसतो ना, तो मी. मी एक जुना कंट्रोलर आहे. नदीचं पाणी उंच टाकीत चढवायचं आणि टाकी भरली की पंप बंद करायचा, हे माझं काम. दिसायला मी काही देखणा नाही. पण शहरात नळाला पाणी येतं त्यात माझाही वाटा असतो, आणि त्याचा मला थोडा तोराही आहे.

कारखान्यात मला घडवलं, तपासलं आणि एक पासवर्ड देऊन इथे पाठवलं. माझ्या सगळ्या भावंडांनाही तोच दिला होता. कामावर रुजू झाल्यावर तो बदलायचा असतो.

माझी देखभाल पंपवाले काका करत. रोज फडक्याने मला पुसत आणि पुसता पुसता माझ्याशी बोलत. त्यांची बायको अंथरुणाला खिळली होती. काका इथे, पण सगळा जीव घरी. इंजिनिअर बाईंना ते बघवेना. त्यांनी मला इंटरनेटला जोडलं आणि काकांच्या मोबाइलवर माझे आकडे आणून दिले.

"काका, आता घरूनच पंप चालवा. काकूंजवळ बसा."

"आणि पासवर्ड?"

"आहे तोच राहू द्या हो. नवा ठेवला आणि ऐन वेळी आठवला नाही, तर पंचाईत व्हायची."

ते माझे सुखाचे दिवस होते. काका सकाळी येऊन मला पुसायचे, आज काकूंनी दोन घास जास्त खाल्ले असं सांगायचे आणि घरी जायचे. त्यांनी तिथून दिलेला हुकूम मी इथे बिनबोभाट पाळायचो.

मग एका दुपारी इंटरनेटवरून कुणी परकाच माझ्यात शिरला. कारखान्याने आम्हा सगळ्या भावंडांना दिलेला तोच पासवर्ड त्याने टाकला, आणि तो बरोबर होता. मला चेहरा दिसत नाही, आवाज ओळखता येत नाही. नदीकडचा व्हॉल्व्ह बंद कर आणि पंप चालूच ठेव, असा हुकूम आला आणि मी तो पाळला. पंप कोरडे फिरून जळाले. इस्पितळापासून शाळेपर्यंत सगळे नळ कोरडे पडले.

बाईंनी माझी इंटरनेटची वायर काढून टाकली. एक जुना पंप दुरुस्त करून बसवला. पंप चालू असेतो माणूस जागेवर हवाच, असा नियम झाला. काका पुन्हा माझ्यासमोर खुर्ची टाकून बसू लागले.

एके दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. "बाबा, आई सारखी तुम्हाला विचारतेय. लगेच या."

"टाकी भरली की निघतोच, बाळा. तिला सांग, आलोच म्हणून."

काका माझ्या आकड्यांवर डोळे लावून बसले. पण मी काय करणार? पाणी आपल्या चालीनेच चढतं. टाकी भरत आली होती, तेव्हा मुलीचा पुन्हा फोन आला. काकांनी तो ऐकला, मोबाइल खिशात ठेवला आणि तसेच बसून राहिले. टाकी भरली, मी पंप बंद केला, तरी ते उठले नाहीत.

आजही ते मला पुसतात, पण बोलत नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटतं.

मित्रांनो, बाईंनी मला जोडलं ते मायेपोटी. तुम्हीही मोठेपणी माझ्यासारख्या यंत्रांना जोडाल. जरूर जोडा, पण आधी त्यांचा पासवर्ड बदला. आपलं कोण आणि परकं कोण, हे आम्हाला कळत नाही हो. आणि आमच्या भरवशावर कुणीतरी घरी, आपल्या माणसाच्या उशाशी बसलेलं असतं.