पाच रुपयांचे बिस्कीट आणि एक नापास मायक्रोमीटर

दीक्षाच्या एका केसाची जाडी मिलीमीटरचे सात शतांश आहे. तिच्या बाबांचा केस आठ शतांश भरतो. दोन्ही मीच मोजले आहेत. मात्र त्यात एखाद्या शतांशाची चूक धरून चाला, कारण मी एक जुना मायक्रोमीटर आहे आणि माझी टोके झिजली आहेत.

मित्रांनो, मी पहिल्यापासून असा नव्हतो. चाकणच्या एका कारखान्यात मी लाकडी पेटीतून आलो, तेव्हा माझ्या अंगावरची प्रत्येक रेघ काळीभोर होती. तपासणी विभागातल्या बुद्धभूषण यांनी मला हाती घेतले. इंजिनात बसणारी दांडी माझ्या दोन टोकांत धरायची, मागची खुंटी हलके फिरवायची, ती टकटकली की थांबायचे आणि आकडा वाचायचा. सोळा वर्षे आम्ही दोघांनी हेच केले. "हा सांगेल ते खरं," असे ते नव्या मुलांना सांगत.

दरवर्षी प्रयोगशाळेत माझीही परीक्षा होई. पास झालो की पुढच्या परीक्षेची तारीख लिहिलेली हिरवी चिठ्ठी माझ्या पाठीवर चिकटे. ती तारीख उलटली की बुद्धभूषण मला हात लावत नसत. एकदा साहेब म्हणाले, एका दिवसात असे काय झिजते? पण दुसरे माप, कारखान्याच्या भाषेत गेज, येईपर्यंत बुद्धभूषण यांनी अख्खी शिफ्ट एकही दांडी पुढे सोडली नाही.

मग एका वर्षी मी नापास झालो. लाल चिठ्ठी लागली. भंगारात जायचो, पण बुद्धभूषण यांनी रीतसर परवानगी काढून मला चिखलीच्या घरी आणले, लेकीला खेळायला.

दीक्षाने मला खेळवले नाही, कामाला लावले. बसचे तिकीट, कांद्याचे साल, पिंपळाचे पान, काही सुटले नाही. नववीत तिने पाच रुपयांच्या पुड्यातले बिस्कीट मोजले. मी इतक्या हलक्या हाताने कधी काही धरले नव्हते. तरी पहिली दोन बिस्किटे चुरली. तिसरे सहा पूर्णांक चार मिलीमीटर भरले. बारावीत तेच बिस्कीट पाच पूर्णांक आठ भरले. पुड्यावरची किंमत तेवढीच होती. माझी चूक दोन्ही वेळा सारखीच, म्हणून फरक खरा होता.

तिने तो वहीत काढून बाबांना दाखवला. किंमत वाढली की लोक भांडतात, पण बिस्कीट पातळ झाले तर कुणाला कळतही नाही, असे तिने समजावले. बाबा हसले आणि पुड्यातले एक बिस्कीट खाऊन टाकले. त्या दिवसापासून तिला अर्थशास्त्र शिकायचे होते.

आणि त्या दिवसापासून बाबांचे उत्तर एकच होते. "बघू."

निकाल लागला. कॉलेजांची माहितीपुस्तके टेबलावर साचली. पंख्याने ती उडू नयेत म्हणून त्यांच्यावर मला ठेवले. ज्याने शतांश मोजले, तो आता कागद दाबून पडला होता. रोज संध्याकाळी दीक्षा विषय काढायची, बाबा चहाचा कप उचलायचे आणि "बघू" म्हणायचे. एका महिन्यात मी तो शब्द तेवीस वेळा ऐकला. मला मोजता येते, बोलता येत नाही. याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

बाबांचे मित्र मारुतराव मोशीचे. त्यांचे मत तयार असे. "अर्थशास्त्र करून पोरगी बँकेत पासबुकं छापणार व्हय? इंजिनिअरिंगला घाला की राव. आमच्या वळखीचं कॉलेज हाय. बोर्डावर ए ग्रेड लिवलंय, ह्ये एवढं मोठं. आन् बस दारातून."

बाबांना बस पटली. पुण्याच्या कॉलेजला दोन बस बदलाव्या लागणार होत्या. तिथल्या अर्थशास्त्राच्या यादीत दीक्षाचे नाव आले होते आणि प्रवेश पक्का करण्याची मुदत गुरुवारी पाच वाजता संपत होती. गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्याच सकाळी बाबा कपडे करून मारुतरावांच्या कॉलेजात पैसे भरायला निघाले. माहितीपुस्तक घ्यायला त्यांनी मला उचलले, तेव्हा दीक्षाने एक छापील कागद पुढे केला.

"बाबा, यांच्या ग्रेडची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलीय. परत तपासणी झालेलीच नाही."

"अगं, बोर्डावर लिहिलंय की."

"बोर्डावर तारीख नाही. पुण्याच्या कॉलेजची मुदत अजून तीन वर्षं आहे. त्यांचाही कागद काढलाय मी."

"कॉलेज म्हणजे काय गेज आहे का, रोज तारीख बघायला?" बाबांचा आवाज चढला होता.

"मुदत संपलेल्या गेजनं फक्त दांडी वाया जाते, बाबा."

मी अजून बाबांच्या हातातच होतो. त्यांचा अंगठा माझ्या पाठीवर, लाल चिठ्ठीवर थांबला. कागद त्यांनी दोनदा वाचला. मग पुण्याच्या कॉलेजचाही वाचला.

मित्रांनो, मापांना जपा. तेलाचा थेंब द्या, ओलीत ठेवू नका, उंचावरून पाडू नका. आणि कुणी कितीही छातीठोक सांगो, त्याची स्वतःची तपासणी शेवटची कधी झाली ते विचारा. माझ्याबाबत विचारले, म्हणून माझ्या झिजेने एकही इंजिन बिघडले नाही. विचारणाऱ्यावर चिडू नका, आणि त्याला "बघू" म्हणून महिनाभर ताटकळत ठेवू नका.

खाली मोटरसायकलचा हॉर्न वाजला. "चला की भाऊ," मारुतराव ओरडले, "बारापर्यंतच बसतोय तिथला क्लार्क."

दीक्षा दाराजवळ उभी होती. घड्याळात साडेदहा झाले होते. बाबांनी मला टेबलावर ठेवले, गॅलरीत जाऊन कठडा धरला आणि खाली वाकून सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मारुतराव, तुम्ही जा. आम्ही पुण्याला निघालोय. दीक्षा अर्थशास्त्र शिकणार."