सगळ्यात प्रखर दिवा

बाबा शाळेची बस चालवतात आणि गेले काही महिने मला त्यांच्या नजरेची काळजी वाटत होती. विषय काढला की म्हणत, "तुझ्या प्रयोगशाळेतल्या उंदरांचे डोळे तपास. माझे ठणठणीत आहेत."

त्या दुपारी आम्ही त्यांच्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या पहिल्या टाकीचं सामान घ्यायला गेलो. टाकीत फक्त मासे ठेवायचे होते, प्रवाळ नाही. फिल्टर आणि पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारा स्किमर बाबांनी मुकाट्याने पसंत केला. दिव्यापाशी मात्र ते अडले.

दुकानदाराने मासे असलेल्या टाकीवर साधा दिवा लावून दाखवला.

"अंधुक आहे रे. मोठा लाव."

त्याने मोठा लावला, मग प्रवाळासाठीचा सगळ्यात प्रखर.

"काका, एवढ्या उजेडात काचेवर शेवाळ धरेल. मासे बिचारे गॉगल मागतील!" दुकानदार हसत म्हणाला.

"मागू देत. मला त्यांच्या अंगावरचे पट्टे दिसायला हवेत."

ते पट्टे मी पहिल्याच दिव्यात मोजले होते. प्रत्येक माशावर तीन होते, पांढरेशुभ्र.

"आता किती दिसतात, बाबा?"

ते वाकले. नाक काचेला टेकलं.

"दोन?" त्यांनी मलाच विचारलं.

दुकानदार हसायचा थांबला. उद्या सकाळी त्या बसमध्ये बत्तीस मुलं चढणार होती.

"बाबा, बसची किल्ली द्या."

"घरी जाऊन बोलू गं."

"आत्ता द्या."

त्यांनी खिशात हात घातला, आणि बराच वेळ तो बाहेर काढलाच नाही.