आईनं सोडलेलं अंडं

पहाटेच्या धुक्यात भाताच्या तुसांचा ओलसर वास येतो, खुडूक कोंबडीचं दबक्या स्वरातलं कुरकुरणं कानी पडतं, आणि त्या दोहोंमधून माझ्या आईचा हात हळूच पुढे सरकतो. वैशाखरे गावातल्या आमच्या पडवीत ती टोपलीपाशी उकिडवी बसायची, कोंबडीच्या पोटाखालून अंडं काढायची आणि क्षणभर गालाला लावायची. माळशेजच्या डोंगरामागून उशिरा येणारं मार्गशीर्षातलं कोवळं ऊन आधी तिच्या कपाळावर आणि मग अंगणात उतरत असे. गालाला लावलेलं ते ऊबदार अंडं तिनं खाल्लेलं मात्र मी कधीच पाहिलं नाही.

त्याला कारण मीच. माझ्या वेळी तिला डोहाळे लागले ते अंड्यांचे. बायका चिंचा-बोरं मागतात. हिला हवं ते कढत उकडलेलं अंडं, मधोमध चिरून, वर मीठ आणि तिखट. गावानं तिची मनसोक्त थट्टा केली होती. पुढे माझं उष्टावण झालं आणि काही दिवसांनी कुणीतरी कौतुकानं मला अंड्याचा घास भरवला. बघता बघता माझे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. जीपमधून मुरबाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत आईच्या जिवात जीव नव्हता. मी वाचले; पण त्या दिवशी तिनं एक निवाडा केला आणि तो स्वतःलाच सुनावला.

"मी पोटाशी असताना खाल्ली, अंगाव पाजताना खाल्ली, मंग पोरीला नाय उठनार तर काय?" एवढंच ती म्हणायची.

दुसऱ्या कुणी तिला बोल लावला नव्हता. तरी तिनं अंडं सोडलं ते सोडलंच. कोंबड्या राहिल्या, अंडी शेजारीपाजारी जात राहिली, पण कुणी गरोदर सून दारात आली की आई टोपली मागे ओढायची. "नको गो बाय, बाळाला बाधंल." अंड्याला हात लागला की साबणानं दोनदा हात धुऊन मगच मला जवळ घ्यायची. त्या स्वस्त साबणाचा वास मला कित्येक वर्षं मायेचाच वास वाटत असे.

मी दहा वर्षांची होईतो माझा त्रास ओसरला. डॉक्टरांनी तपासून मला अंडं खायची मोकळीक दिली. माझ्या ताटातलं उष्टं आई नेहमी संपवायची, भाताचं एक शीत वाया जाऊ द्यायची नाही. पण मी अर्धं अंडं ठेवलं की तिचा हात ताटाच्या काठाशी थबकायचा.

"खा गो आये, मला आता काय होत नाय."

"राहू दे. माजं मन उडालं त्याच्यावरनं."

हे साफ खोटं होतं. तिची नजर त्या पिवळ्या बलकावर रेंगाळताना मी अनेकदा पाहिली आहे. शेवटच्या आजारपणातही तिनं ते तोंडाला लावलं नाही.

ती गेली, मी लग्न होऊन शहापूरला आले, आणि गेल्या वर्षी मला दिवस राहिले तेव्हा तिचंच भय माझ्या ताटात येऊन बसलं. तपासणीला गेले असताना मी माझा लहानपणचा त्रास सांगून भीत भीत अंड्याचं विचारलं. डॉक्टरबाई कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "आईनं गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना अंडं खाल्लं म्हणून बाळाला ॲलर्जी होत नाही, आणि सोडलं म्हणून टळतही नाही. तुम्हाला सोसतं ना? मग खा. सहा महिन्यांनंतर बाळालाही नीट उकडलेलं थोडं थोडं सुरू करा. फक्त तुम्हाला त्रास होता, म्हणून आधी एकदा दाखवून घ्या."

त्यांच्या दृष्टीनं ते रोजचंच सांगणं होतं. मी बाहेर आले आणि बाजारपेठेच्या त्या गलबल्यात उभ्या उभ्या मला रडू कोसळलं. मुरबाडची गाडी पकडावी, पुढे वैशाखऱ्याला जावं, टोपलीपाशी बसलेल्या त्या बाईला गदागदा हलवून सांगावं, असं फार फार वाटलं. सांगायला वाक्य होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं.

लेक सात महिन्यांची झाली तेव्हा डॉक्टरांना विचारून मी तिला उकडलेल्या अंड्याचा पहिला कण भरवला आणि श्वास रोखून तिच्या ओठांकडे पाहत बसले. खिडकीतलं ऊन तिच्या कपाळावरून हनुवटीवर उतरलं. काहीच झालं नाही. पुढच्या काही दिवसांत ती घास वाढवत गेली, आणि आज तर तिनं अर्धं अंडं संपवून तोंड फिरवलं.

उरलेल्या अर्ध्यावर मी मीठ घातलं, तिखट घातलं. "आये, तुजं काय चुकलं नव्हतं गो," मोठ्यानं म्हणाले. लेक हसली. आई अंड्यावाचून तीस वर्षं थांबली आणि मग हे ऐकायला तिला थांबता आलं नाही; तिच्या वाट्याचा अर्धा घास मात्र अजून माझ्या हातात आहे, ऊबदार.