सहदेव तोरसकरांचा पहिला खुलासा

"‘...आणि सत्काराला उत्तर देताना त्यांनी काढलेल्या उद्गारांनी सभागृह भारावून गेले.’" राधाने साप्ताहिकातली बातमी वाचून संपवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि गालांना फेस फासून बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "तुमची अजून दाढी होवक नाय, आनि सत्कार झालोसुद्धा?"

राधा रागावली की मालवणीवर येत असे. सहदेव तोरसकरांच्या हातातला ब्रश तिथेच थांबला. शनिवार होता, सकाळचे साडेआठ वाजले होते आणि सत्कार संध्याकाळी चारला होता.

"अंक रविवारी येतो गं," ते म्हणाले.

"ह्यो बघा, आज इलो."

घाटकोपरच्या त्या साप्ताहिकाचा अंक गेली अठरा वर्षं रविवारीच येत आला होता. तोरसकरांनी घाईघाईने संपादक श्यामसुंदर यांना फोन लावला. छापखान्याच्या मालकाकडे रविवारी लग्न होतं, म्हणून अंक एक दिवस आधी काढला, असं त्यांनी सांगितलं आणि वर अभिनंदनही केलं. तोरसकरांनी सवयीने आभार मानले.

न झालेल्या सत्काराची ती बातमी त्यांनीच लिहून पाठवली होती. चूक म्हणावी तर चूक होती, पण त्यांच्या धंद्यात तिला कोणी चूक म्हणत नसे. चौतीस वर्षं ते एका रंगाच्या कंपनीच्या जनसंपर्क विभागात होते. कार्यक्रम उद्या असला तरी त्याची प्रेसनोट आज लिहायची आणि तीही ‘झाले’, ‘म्हणाले’, ‘गौरवले’ अशीच लिहायची, ही तिथली रीत. कंपनीत आग लागली, तर तोरसकर आधी ‘किरकोळ’ हा शब्द टाईप करत आणि मग जिन्याने खाली पळत. पाहुणे काय बोलणार हे पाहुण्यांना ठाऊक नसे, पण तोरसकरांना ठाऊक असे. एवढ्या वर्षांत त्यांच्या एकाही नोटचा खुलासा काढावा लागला नव्हता, याचा त्यांना अभिमान होता. आणि एकाही नोटवर त्यांचं नाव छापून आलं नव्हतं, हे ते कोणाला बोलून दाखवत नसत. खाली नेहमी ‘जनसंपर्क विभाग’ एवढंच असायचं.

वाकोल्याच्या ज्या कॉलेजात त्यांनी संध्याकाळचे वर्ग करून पत्रकारितेची पदविका घेतली होती, त्या कॉलेजने यंदा तीन नामवंत माजी विद्यार्थ्यांचा सत्कार ठरवला. पत्रकारितेसाठी वृत्तवाहिनीवरच्या मधुवंती, प्रसारणासाठी रेडिओवरचा गिल्बर्ट आणि जनसंपर्कासाठी सहदेव तोरसकर. विभागप्रमुख जोआना मॅडमनी मोठ्या विश्वासाने सांगितलं, "सर, प्रेसनोट तुम्हीच लिहा ना. तुमच्याएवढं कोणाला जमणार?" नवरदेवालाच लग्नपत्रिका वाटायला पाठवावं, तसा हा प्रकार होता. तोरसकरांनी आपलं नाव नम्रपणे शेवटी घातलं आणि त्यापुढे एकच ओळ लिहिली. मग आणखी एक लिहिली. रात्री जेवून उठेपर्यंत नऊ ओळी झाल्या होत्या.

"आनि हयां काय?" राधाने अंकावर बोट ठेवलं. "‘पत्नी राधा यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू तरळले.’ माज्या डोळ्यांत पाणी इला कधी? माका इचारल्यात?"

"तसं लिहायची पद्धत असते."

"म्हणजे आता माका थंय रडूक व्हया?"

तोरसकरांनी दाढी उरकली. गालावर दोन ठिकाणी कापलं. खाली उतरले तर इस्त्रीवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांनी झालेल्या सत्काराबद्दल अभिनंदन केलं आणि पार्टी मागितली. आता सत्कार झाला नाही, तर चाळीस वर्षं शेजारी राहिलेल्यांना तोंड कसं दाखवायचं, या विचारातच ते साडेतीनला राधासह कॉलेजात पोचले.

सभागृहात ‘तीनशेहून अधिक’ श्रोते असल्याचं छापून आलं होतं. तोरसकरांनी दोनदा मोजले, एक्केचाळीस भरले, आणि त्यातले दोघे माईकवाले होते. राधा तिसऱ्या रांगेत मोरपंखी साडी नेसून कोरड्या डोळ्यांनी बसली होती. तेवढ्यात अंक हलवत गिल्बर्ट आला. वाकोल्याच्याच गावठाणातला हा उंचापुरा माणूस पदविकेला तोरसकरांच्या बाकावर बसायचा. पुढे तीस वर्षं त्याने रेडिओवर बातम्या वाचल्या.

"काय रे सहदेव, माझं भाषण झालंपण? झकास बोललो म्हणे मी."

"‘खुमासदार’ लिहिलंय," तोरसकर पडेल आवाजात म्हणाले.

"वाट लावलीस. आता खुमासदार बोलावं लागणार ना, यार."

प्रमुख पाहुणे एका वाहिनीचे मालक होते. ते चारला येणार होते, ते पाच चाळीसला आले. सभागृह सहाला दुसऱ्यांना द्यायचं होतं आणि पाहुण्यांना विमान गाठायचं होतं. दीपप्रज्वलन वगळलं, स्वागतगीत वगळलं. मधुवंतींचा सत्कार कॅमेऱ्यांसमोर चांगला आठ मिनिटं चालला. मग गिल्बर्टला बोलावलं, आणि जोआना मॅडम वाकून तोरसकरांच्या कानाशी आल्या.

"सर, सॉरी. पाहुणे लगेच निघतायत. तुमचं मानचिन्ह मी नंतर ऑफिसात देते, चालेल? तुम्ही तर समजून घ्याल."

"काही हरकत नाही," तोरसकर म्हणाले. चौतीस वर्षं ते हेच म्हणत आले होते, त्यामुळे वाक्य आपोआप तोंडातून गेलं. गेल्यावर मात्र त्यांना कळलं की हरकत होती, फार मोठी होती. मंचाच्या टोकाच्या खुर्चीवर ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. राधाकडे बघायचा धीर त्यांना झाला नाही.

गिल्बर्टने मानचिन्ह घेतलं. पाहुणे खुर्चीतून अर्धे उठले होते. गिल्बर्टने हे पाहिलं, जोआना मॅडमचं कुजबुजणंही पाहिलं, आणि खिशातून अंक काढून माईकसमोर उलगडला.

"मी खुमासदार बोलणार होतो," तो म्हणाला, "पण आयुष्यभर बातम्याच वाचल्या, तर आजची बातमीच वाचतो." आणि सभागृहाला एकदम रेडिओचा आवाज ऐकू आला, शांत, ठाशीव, ज्याच्यावर कोणाला शंका घेता येत नाही असा. "‘जनसंपर्क क्षेत्रात चौतीस वर्षं निष्ठेने सेवा करणारे सहदेव तोरसकर यांना प्रमुख पाहुण्यांनी मानचिन्ह देऊन गौरवले व आलिंगन दिले.’"

तो थांबला. अंकावरून नजर उचलून त्याने पाहुण्यांकडे पाहिलं. सगळं सभागृह पाहुण्यांकडे पाहू लागलं. कॅमेराही वळला. पाहुणे मुरलेले होते, छापून आलेली गोष्ट आपण केली नाही असं दिसणं परवडत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते पूर्ण उठले, विमान विसरले, जोआना मॅडमनी पुढे केलेलं मानचिन्ह त्यांनी तोरसकरांच्या हातात ठेवलं आणि त्यांना असं काही आलिंगन दिलं की चष्मा वाकडा झाला.

"‘आपल्या भाषणात ते म्हणाले,’" गिल्बर्ट पुढे वाचू लागला. तोरसकर मानचिन्ह छातीशी धरून उभे होते आणि त्यांचं भाषण त्यांच्या मित्राच्या आवाजात चाललं होतं. "‘दुसऱ्याचं नाव मोठं करताना आपलं नाव मागे राहिलं, तर त्याचं वाईट वाटून घेऊ नये.’" एक्केचाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. तीनशेंचा आवाज काही झाला नाही, पण तोरसकरांना आता मोजता येत नव्हतं. समोरचं सगळं धूसर झालं होतं.

रविवारी सकाळी राधाने कात्रण कापलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. तोरसकर टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. वर मध्यभागी ‘खुलासा’ असं लिहून खाली रेघ ओढली होती.

‘सत्कार समारंभात श्रीमती राधा तोरसकर यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू तरळले, असे वृत्त प्रसिद्ध झाले होते. ते चुकीचे आहे. श्रीमती तोरसकर यांचे डोळे शेवटपर्यंत कोरडे होते. अश्रू सत्कारमूर्तींच्या डोळ्यांत होते. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’

खाली ‘जनसंपर्क विभाग’ नव्हतं. ‘सहदेव तोरसकर’ अशी सही होती.

राधाने कागद दोनदा वाचला. "हयां छापूक देव नकात," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली. आली ती डिंकाची बाटली घेऊन. कपाटाचं दार उघडून तिने तो खुलासा कात्रणाच्या बरोबर खाली चिकटवला आणि सुटू नये म्हणून चारही कोपरे अंगठ्याने दाबले.